टेकडीवर बसायचं कसं

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती: पुण्यात सकाळी टेकडी चढणाऱ्यांची कमी नाही. बहुतेक जण व्यायामाला येतात, तरातरा वर आणि तरातरा खाली. पायांना आणि हृदयाला त्याचा फायदा होतोच. डोक्याचा शीण घालवायचा असेल तर मात्र वर जाऊन बसायला हवं.

दिवसभर आपण लक्ष ओढूनताणून कामाला लावतो: स्क्रीन, हिशेब, रहदारी. ते थकलं की चिडचिड होते, साध्या चुका होतात. हलणारी पानं किंवा मुंग्यांची रांग पाहताना जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याची ही मांडणी आहे. गप्पा मारत किंवा पावलं मोजत चढल्यावर डोकं का निवत नाही, हे त्यातून कळतं.

वेळ किती द्यायचा? इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांची एक पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत चांगली आहे, आयुष्यात समाधान आहे, असं सांगणारे जास्त निघाले. हा वेळ एकदम दिला की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. आमच्या मते 40 मिनिटांच्या तीन खेपा बऱ्या, कारण बुधवारचा शीण रविवारपर्यंत साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

जागा निवडताना घाई करू नका, अर्धं काम तिथेच होतं. वर्दळीच्या वाटेपासून शंभरेक पावलं दूर, पण मळलेल्या पायवाटेला लागून असलेली जागा शोधा. पाठीला बुंधा किंवा खडक, समोर वीसेक फुटांवर झुडपं. नुसत्या गिरिपुष्पाच्या लागवडीपेक्षा बोर, हिवर, पळस अशी मिश्र झाडी बरी. शहराकडे तोंड करून बसू नका. हॉर्न ऐकू येतात आणि नजर इमारती मोजायला लागते. निदान महिनाभर तीच जागा ठेवा. कालची कळी आज उमललेली दिसते ती रोजच्या जागेवरच.

दहा मिनिटं सावकाश चढा, वीस मिनिटं बसा, दहा मिनिटांत उतरा. फोन एअरप्लेन मोडवर टाकून वीस मिनिटांचा गजर लावा आणि पिशवीच्या तळाशी ठेवा, म्हणजे घड्याळाकडे बघावं लागणार नाही. आधी सर्वांत लांबचा आवाज ऐका, मग सर्वांत जवळचा. नजर एका जागी रोखू नका, सैल सोडा. कामाचे विचार आले तर त्यांच्याशी झगडू नका. हलणारं एखादं पान बघा.

पहिली पाच-सात मिनिटं कंटाळवाणी जातात. तुमच्या चाहुलीने पाखरं गप्प झालेली असतात आणि डोक्यात कामांची यादी चालू असते. बरेच जण इथेच उठतात. थांबा. थोड्या वेळाने सातभाई पाचोळा उलथायला लागतात, तांबटाची टुक-टुक सुरू होते. नावं ओळखायची खटपट तिथे करू नका, फोटोही नकोत. ते परत काम झालं. नावं घरी शोधता येतील.

एकट्याने जाणं सुरक्षित वाटत नसेल तर दोघं जा, पण वीस पावलांवर बसा आणि परत निघेपर्यंत बोलू नका.

बसण्याआधी काठीने दगडांच्या फटी आणि गवत आपटून बघा, घोणस आणि फुरसं अशाच ठिकाणी असतात. मुंग्यांचं वारूळ नाही ना, तेही पाहा. पावसाळा सरल्यावर कुसळं सुती मोज्यांत घुसतात; गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला. हिवाळ्यात खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांपासून लांब बसा. तिची लव लागलीच तर चोळू नका, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टी लावून उचला आणि मग धुवा. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला. विजा चमकायला लागल्या की लगेच खाली उतरा. अर्धा लिटर पाणी पुरतं. मार्च ते मे मध्ये मात्र एक लिटर घ्या आणि ऊन तापायच्या आत परता.

झोप न येणं किंवा उदासी आठवडेच्या आठवडे टिकली असेल तर डॉक्टरांना भेटा. टेकडी औषधाच्या जोडीला असू द्या, औषधाच्या जागी नको.

चढवत नसेल त्यांनी खिडकीपासून सुरुवात करावी. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. घरातून एखादं झाड दिसत असेल तर आजारी माणसाची खाट तिकडे तोंड होईल अशी फिरवा आणि खिडकीतले वाळत घातलेले कपडे दुसरीकडे हलवा.