चौथीच्या वर्गात शोध कसा शिकवावा? सुरुवात कटकटीपासून

'काहीतरी नवीन शोधून दाखवा' म्हटलं की अर्धा वर्ग रॉकेट काढतो. म्हणून पहिला आठवडा काहीच बनवायला सांगू नका. प्रत्येकाला एक छोटी वही द्या. आम्ही तिला कटकटवही म्हणतो. घरी, चाळीत, बसमध्ये ज्याचा वैताग आला ते रोज एक टिपायचं. पहाटे नळ आला आणि पिंप भरून वाहिलं. डब्यातली आमटी दप्तरात सांडली. आजीचा हात वरच्या कडीला पोचत नाही. या वहीतलं शुद्धलेखन तपासू नका. लाल शाई दिसली की मुलं वैताग सोडून सुविचार लिहू लागतात.

मग सगळ्यांनी मिळून एकच कटकट निवडायची. माझ्या वर्गाने जुलैत निवडली ती ओल्या छत्र्यांची. खिडकीच्या गजाला टांगलेल्या छत्र्यांचं पाणी वर्गभर पसरायचं.

आता उपाय सुचवायचे. पहिली दहा मिनिटं 'हे जमणार नाही' असं कोणीही म्हणायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. मला हेच सगळ्यात अवघड जातं.

करून बघायला सुतळी, रबरबँड, खोकी, रिकाम्या बाटल्या पुरतात. बाटली मात्र तुम्हीच कापून द्या. आमच्या एका गटाने छत्रीच्या टोकाखाली अर्धी बाटली बांधली, ती निसटली. दुसऱ्यांदा रबरबँड लावला, तर छत्री काढताना पाणी सांडलं. तिसऱ्यांदा आत चिंधी कोंबली. तिन्ही प्रयत्नांची चित्रं भिंतीवर लावा, फसलेलीसुद्धा.

याच सुमाराला मी शंकर आबाजी भिसे यांच्याबद्दल सांगते. 1867 साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने वाणसामान आपोआप तोलून देणारं यंत्र आखलं, पुढे छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, पाडणारं यंत्र केलं. वाण्याच्या दुकानातला तराजूही कुणाला तरी कटकटीचा वाटला होता, हे मुलांना फार आवडतं.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची सहल यानंतर काढा, आधी नको. हातांनी काही जुळवून बसलेलं मूल तिथे नुसती बटणं दाबत नाही, वाकून काय कशाला फिरवतंय ते बघतं.

शेवटी वस्तू ज्याची अडचण होती त्याच्या हातात द्या. आम्ही वर्ग पुसणाऱ्या मावशींना दाखवली. त्या म्हणाल्या, "बाटली छान आहे गं, पण ती ओतायची कोणी?"

दुसऱ्या दिवशी तिघांच्या कटकटवहीत हाच प्रश्न होता.