वर्ग निवडण्याआधी: कराटे, बॉक्सिंग, कुस्ती आणि रस्त्यावरची मारामारी

आमच्या म्हापशातल्या वर्गात चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, खऱ्या मारामारीत काय चालतं? कराटे की एमएमए?" एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, फेकी, पकडी सगळं चालणारा मिश्र लढतीचा खेळ. विचारणारी बहुतेक दहावी-बारावीची मुलं असतात, अलीकडे त्यांच्या आयाही असतात. मी फोंड्याला शाळेत असताना कराटेपासून सुरुवात केली, पुढे बॉक्सिंग आणि ज्युडो शिकलो. मधली काही वर्षं किनारपट्टीवरच्या एका उपाहारगृहात रात्रपाळीला दारावर उभा राहायचो. तिथे काम एकच, भांडणं वाढू द्यायची नाहीत. नव्याने सुरू करणाऱ्याची पहिली वर्षं चुकीच्या अपेक्षेपायी वाया गेलेली मला बघवत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

शैलीचं नाव मी शेवटी विचारतो. आधी विचारतो ते हे, की तुमच्या वर्गात समोरचा माणूस विरोध करतो का? तुम्ही मनगट धरलंत तर तो झटकतो का, ठोसा टाकलात तर चुकवतो का, तुम्हाला पाडायला बघतो का? की तो हात पुढे करून, तुमचा डाव पूर्ण होईपर्यंत तसाच उभा राहतो?

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान या ज्युडोच्या शाळेची स्थापना केली तेव्हा त्यांनी याच प्रश्नाला हात घातला होता. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येतले ठोसे, लाथा आणि जोडीदाराला हमखास जायबंदी करणारे प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले. उरलेल्या फेकी आणि पकडी मग पूर्ण ताकदीने, रोजच्या रोज, पडायला अजिबात तयार नसलेल्या जोडीदारावर करता येऊ लागल्या. यालाच ज्युडोत रांदोरी म्हणतात. वरवर पाहता ज्युडो त्यामुळे कमी घातक झाला. प्रत्यक्षात रांदोरीत घडलेल्या माणसाचा हात ऐन वेळी फसत नाही, कारण विरोध म्हणजे काय हे त्या हाताला माहीत असतं. आपल्या तालमींत दुसरं काय होत आलं आहे? धोबीपछाड किंवा ढाक नुसती बघून कोणाला येत नाही. रोज मातीत उतरून, रोज पाठ टेकवून घेऊन ती अंगात भिनते. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, त्यामागे असाच सराव होता.

याउलट "आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की त्यांचा सराव करताच येत नाही" असं जिथे सांगतात तिथून उठून या. डोळ्यात बोट घालणं किंवा गळ्यावर वार करणं धोकादायक आहेच. पण हलणाऱ्या, उलट मारणाऱ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत बोट पोचवायला अंतर आणि वेळ यांची जी जाण लागते, ती स्पारिंगशिवाय, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी मोकळी सराव-लढत केल्याशिवाय, येत नाही. ज्याला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लागू करता येत नाही त्याला डोळाही सापडणार नाही. २०१७ मध्ये चीनमधल्या चेंगदूत एमएमएचे प्रशिक्षक शू शियाओदोंग आणि ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी कलेचे शिक्षक वेई लेई यांची लढत झाली, ती अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. त्या चित्रफितीवर लोक हसतात, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आयुष्य एखाद्या विद्येला दिलेल्या माणसाला विरोधाची सवयच कधी मिळाली नव्हती, हे बघून वाईट वाटतं.

पण एवढ्यावरून पारंपरिक कला टाकाऊ ठरत नाहीत. ल्योतो माचिदा लहानपणापासून वडिलांकडे शोतोकान कराटे शिकला आणि २००९ मध्ये यूएफसी या एमएमए स्पर्धेचा लाइट हेवीवेट विजेता झाला. अंतर राखून उभं राहायचं, समोरचा पुढे आला की त्याच क्षणी आत घुसायचं, हे त्याचं अस्त्र अस्सल कराटेचं होतं. फक्त ते विरोधाच्या भट्टीतून निघालेलं होतं. कातामध्ये, म्हणजे कराटेत एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींत, एक हात पुढे जाताना दुसरी मूठ कमरेला येते. बॉक्सरच्या नजरेने बघितलं तर चेहरा उघडा पडला. पण त्या मुठीत समोरच्याची बाही धरलेली आहे आणि ती आपण ओढतो आहोत असं समजून जोडीदारासोबत करून बघा, हालचालीला अर्थ येतो.

आणि उपयोगाच्या पलीकडेही काही असतं. डिचोली-सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी तोंडाचा घोडा, हातात तलवार, ढोल-ताशाचा ठेका. ही तलवार रस्त्यावर चालेल का, असं तिथे कोणी विचारत नाही. तो पूर्वजांच्या पराक्रमाला दिलेला मान आहे. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत बॉक्सिंग, ज्युडो, कुस्तीच्या बरोबरीने पंजाबचा गतका आणि केरळचं कलरिपयट्टूही होतं. तुम्हाला वारसा जपायचा असेल, शरीर लवचिक आणि मन शांत करायचं असेल, तर त्यासाठी जरूर शिका. फक्त स्वसंरक्षण शिकतो आहोत असा समज करून घेऊन शिकू नका, आणि शिकवणाऱ्याने तसा करूनही देऊ नये.

आता खेळांकडे. प्रत्येक खेळाचा नियम अंगाला एक सवय लावतो, आणि ती सवय नियम नसलेल्या जागी तुमच्यासोबत येते. ऑलिम्पिक तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, त्यामुळे हात खाली राहतात. पैलवान पाठ टेकू नये म्हणून पोटावर पालथा होतो, रस्त्यावर ते म्हणजे मान आणि डोकं दुसऱ्याच्या हवाली करणं. तोक्यो ऑलिम्पिकच्या कराटे अंतिम सामन्यात सौदीच्या तारेग हमेदीची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला बसली आणि गंजजादे बेशुद्ध पडला. वार ताब्यात न ठेवल्याबद्दल हमेदी बाद झाला आणि सुवर्ण गंजजादेला मिळालं. खेळाच्या नियमात निर्णय बरोबरच होता. पण यावरून लक्षात घ्या की गुणफलक आणि खरी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॉक्सरलाही हे लागू आहे. ग्लोव्हज् आणि हँडरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची पट्टी, मुठीला सांभाळतात. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडू शकतं. माईक टायसन हेवीवेट विजेता असताना, १९८८ मध्ये, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिच ग्रीनशी रस्त्यावर भिडला आणि स्वतःचा हात मोडून बसला. जगातल्या सर्वांत जड ठोशाच्या माणसाची ही गत! मी विद्यार्थ्यांना उघड्या हाताने मारायचं असेल तर तळव्याचा वापर शिकवतो.

जमिनीवरच्या लढतीचंही तसंच. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत रॉइस ग्रेसीने आपल्याहून जड माणसांना खाली घेऊन शरण आणलं आणि जमिनीवरची विद्या किती मोलाची आहे हे साऱ्या जगाला कळलं. ते शिकाच. पण तिथे प्रतिस्पर्धी एकच होता आणि खाली मॅट होती. चिऱ्यांच्या पायरीवर किंवा पार्किंगमधल्या सिमेंटवर, समोरच्याचे दोन मित्र उभे असताना, तुम्ही खालून त्याचा गळा आवळत बसलात तर डोक्यात लाथ येणार. म्हणून आमच्याकडे ज्याला त्याला पहिल्या महिन्यात नीट पडायला आणि खालून लवकर उठायला शिकवतात. या दोन गोष्टी मला सगळ्या शैलींहून मोलाच्या वाटतात.

दारावर उभं असताना मी पाहिलेली भांडणं सिनेमासारखी कधीच नव्हती. कोणी पवित्रा घेऊन समोर उभं राहत नाही. आवाज चढतो, माणूस अगदी जवळ येतो, बोट छातीला टेकतं, आणि पहिला फटका बोलता बोलताच येतो. पाठोपाठ शर्टाची ओढाताण, कोणीतरी मागून, कुठूनतरी बाटली. सगळं एखाद्या मिनिटात आटोपतं. त्या मिनिटात तोंडाला कोरड पडते, आजूबाजूचं ऐकू येईनासं होतं, नजर एकाच ठिकाणी चिकटते आणि बोटं बारीक काम करत नाहीत. मनगट मुरगळून धरायचे नाजूक डाव तिथे निसटतात. टिकतात ती मोठी, साधी, शेकडो वेळा विरोधात घोटलेली कामं: डोकं झाकणं, कवेत घेऊन जखडणं, ढकलून अंतर मिळवणं. आणि सर्वांत वाईट इजा ठोशाने व्हायच्या नाहीत, पडताना डोकं पायरीच्या कडेवर आपटल्याने व्हायच्या. तुम्ही मारलेल्या एका धक्क्याने समोरचा माणूस कायमचा जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. दारावर माझी बहुतेक कामं हात उघडे, तळवे पुढे, आवाज खाली, पाय बाहेरच्या दिशेला, एवढ्यावर व्हायची.

सुऱ्याबद्दल शंका असेल तर एक प्रयोग करा. जुना पांढरा टी-शर्ट घाला, जोडीदाराच्या हातात लाल स्केचपेन द्या आणि त्याला हव्या त्या वेगाने, हवा तितक्या वेळा भोसकायला सांगा. तुम्हाला येत असलेले सगळे सुरा-हिसकावणीचे डाव वापरा. मग शर्ट बघा. आमच्या वर्गात हे केल्यावर पळणं भित्रेपणाचं आहे असं कोणी पुन्हा म्हणत नाही. पाकीट, फोन, जे मागतो ते द्या.

कायदाही मर्यादा घालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. हक्क पक्का आहे, पण कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्क उरत नाही. समोरचा खाली पडल्यावर मारलेली लाथ बचाव ठरत नाही.

मुलींच्या आयांना मी वेगळं सांगतो. मुलीवर हात टाकणारा बऱ्याचदा ओळखीचा असतो आणि अंधाऱ्या गल्लीपेक्षा घरात, गाडीत, ओळखीच्या जागेत असतो. म्हणून तिला पकडीतून सुटणं, जड माणसाखालून निघणं आणि मोठ्याने नाही म्हणणं यांचा सराव हवा. ज्युडो किंवा ब्राझीलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची विद्या) इथे खूप कामाचे. एका दिवसाच्या शिबिराने काही होत नाही, ते प्रमाणपत्र भिंतीवर राहतं. ११२ हा आणीबाणीचा नंबर मात्र तिच्या फोनवर पहिला असू दे.

वर्ग बघायला जाल तेव्हा पट्ट्याचा रंग आणि कपाटातले चषक बाजूला ठेवा. तासभर बसून सराव बघा. हलकं का होईना, स्पारिंग आहे का? शिक्षक जोर वाढला की थांबवतात का? टॅप केल्यावर, म्हणजे हार मानून हाताने थोपटल्यावर, पकड ताबडतोब सुटते का? नवख्याला पहिल्याच आठवड्यात जुन्या मुलांसमोर फेकत असतील तर तिथेही जाऊ नका, ती शिकवणी नाही. पावसाळ्यात मॅट रोज पुसतात का हेही विचारा. आपल्या दमट हवेत गजकर्ण एकाकडून साऱ्या वर्गाला लागतं आणि महिना महिना सराव बुडतो. स्पर्धेत उतरायचं असेल किंवा क्रीडा कोट्यातून नोकरीचा विचार असेल, तर त्या खेळाच्या मान्यताप्राप्त राज्य संघटनेशी वर्ग जोडलेला आहे का, याची कागदपत्रं प्रवेशाआधी मागा. खासगी ब्लॅक बेल्टला तिथे किंमत नसते.

सुरुवातीला लागतं थोडंच: माउथगार्ड, हँडरॅप, कापलेली नखं. ग्लोव्हज् स्वतःचे घ्या आणि घरी नेऊन वाळवा. आठवड्याला तीन दिवस पुरे, त्यातला एक हलक्या स्पारिंगचा. आणि स्पारिंगनंतर डोकं ठणकत राहिलं, उलटी झाली, दिसायला अंधुक झालं किंवा मूल गोंधळल्यासारखं बोलू लागलं, तर घरी झोपवून ठेवू नका. सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत, स्पर्धा कितीही जवळ आली असली तरी, त्याला मॅटवर पाठवू नका.