घरचा कॉम्प्युटर हिशोब, नाटक आणि बुद्धिबळासाठी कसा तयार करावा: एका सांगलीकराचा सल्ला

नवा कॉम्प्युटर घेतला की बरेच जण विचारतात, "सगळं टाकून देऊ का?" 'सगळं' म्हणजे बहुतेक वेळा चोरीचं ऑफिस, फोटोचं एखादं महागडं सॉफ्टवेअर आणि त्याचं कुलूप तोडणारी 'क्रॅक' फाइल. सरळ नको म्हणा. ती फाइल चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि तुमच्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस अशाच वाटेनं आत येतात. घरच्या कामाला आणि विरंगुळ्याला लागणारे चांगले प्रोग्राम कायदेशीररीत्या फुकट मिळतात. मोजके घ्यायचे आणि त्यांच्यावर हात बसवायचा. मी आमच्याकडच्या लोकांना जे आवर्जून टाकून देतो, ते असे.

आधी मराठी कीबोर्ड

कुठलाही प्रोग्राम उतरवण्याआधी हे करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज' (विंडोज 11 मध्ये 'लँग्वेज अँड रीजन'), मग 'ॲड अ लँग्वेज' असं जाऊन मराठी निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर मराठीच्या पर्यायांमधून 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड जोडा.

माझा आग्रह मात्र इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्डचा आहे. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं येतात. 'सांगली' लिहायचं तर एम, ई, एक्स, आय, एन, आर ही सहा बटणं ओळीनं दाबायची. जोडाक्षरासाठी मध्ये डी दाबायचा. पहिले काही दिवस चिडचिड होते, पण एकदा बोटांना वाट सापडली की भरभर लिहिता येतं. शिवाय हे युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत, असल्यामुळे मजकूर ईमेलवर पाठवा किंवा मोबाइलवर उघडा, अक्षरांच्या जागी चौकोन आणि चिन्हं दिसत नाहीत. जुन्या फाँटमधल्या पत्रिका आणि अर्ज दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडताना झालेला मनस्ताप ज्यांना आठवतो, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

हिशोबाला लिब्रेऑफिस

लिब्रेऑफिस म्हणजे पत्रं, हिशोब अशा कामांच्या प्रोग्रामांचा संच. फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं लोकांना वाटतं. तशी काही गडबड नाही. 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन लिब्रेऑफिस सुरू झालं आणि 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही ना-नफा संस्था ते सांभाळते. उतरवताना त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवा. शोधल्यावर वरती दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका. नंतर टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर खूण करून मराठी निवडा.

आता त्यातलं 'कॅल्क' हे हिशोबाच्या तक्त्याचं भाग उघडा. समजा तुमच्या घरी हळद आहे आणि मार्केट यार्डातून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, डब्यात कोंबून ठेवलेल्या आहेत. पहिल्या ओळीत मथळे लिहा: तारीख, पोती, वजन, दर, रक्कम, खर्च, निव्वळ. वजन क्विंटलमध्ये ठेवा, कारण दर क्विंटलचाच असतो. मथळे मराठीत लिहा, पण आकडे टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा, म्हणजे बेरजेत घोळ होणार नाही. रक्कमेच्या रकान्यात =सी2*डी2 हे सूत्र लिहा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. हमाली, तोलाई आणि जे काही पट्टीतून कापलं असेल ते खर्चाच्या रकान्यात टाका. निव्वळमध्ये =ई2-एफ2 लिहा. मग त्या चौकटीचा उजवीकडचा खालचा कोपरा माउसनं धरून खाली ओढा, सगळ्या ओळींना सूत्र लागू होतं.

एवढ्यावर थांबू नका. आणखी एक रकाना जोडा आणि निव्वळ रकमेला वजनानं भागा. क्विंटलमागे हातात खरोखर किती पडले ते या आकड्यात दिसतं. सौद्यात पुकारलेला दर आणि हा आकडा यांत किती अंतर पडतं ते दर पट्टीला डोळ्यांसमोर राहतं आणि पुढच्या वेळी माल कुणाकडे लावायचा हे अंदाजावर सोडावं लागत नाही.

नाटकाच्या संगीताला ऑडॅसिटी

1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे. एकांकिका बसवणारी पोरं आजही भेटतात आणि त्यांच्यात लॅपटॉपवर बसलेला एक जण असतोच. हा भाग त्याच्यासाठी.

घरी मोबाइलवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर येते. ऑडॅसिटी या आवाज सुधारण्याच्या फुकट प्रोग्राममध्ये ती फाइल उघडा आणि जिथे कुणी बोलत नाही, फक्त घरघर आहे, असा छोटा तुकडा निवडा. एफेक्ट मेनूतून 'नॉइज रिडक्शन' उघडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. मग सगळं रेकॉर्डिंग निवडा, तोच एफेक्ट पुन्हा उघडा आणि ओके म्हणा. आवाज किती कमी करायचा याचा आकडा आधीच दिलेला असतो, तो पुरतो. हावरटपणानं आकडा वाढवला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

प्रत्येक क्यूची, म्हणजे नाटकात ठरल्या क्षणी वाजवायच्या आवाजाची, वेगळी फाइल करा. सुरुवातीची शांतता निवडून डिलीट करा आणि शेवटच्या तीन-चार सेकंदांना 'फेड आउट' द्या. फाइल 'वेव्ह' प्रकारात काढा. एमपी3 करताना सुरुवातीला किंचित शांतता जोडली जाते आणि थोबाडीत मारल्याचा आवाज हात लागल्यानंतर येतो. नावं '01 पहाट', '02 दाराची कडी' अशी द्या.

वाजवायला व्हीएलसी घ्या. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम कुठलीही फाइल वाजवतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ऑल' निवडून प्लेलिस्टच्या भागात 'प्ले अँड स्टॉप' चालू करा, नाहीतर पहाटेच्या पाखरांमागोमाग ढगांचा गडगडाट आपोआप सुरू होईल. विंडोजचे सगळे आवाज बंद करा आणि वायफायही बंद ठेवा. हे तिसऱ्या घंटेला करायचं काम नाही, रंगीत तालमीपासूनच तशी सवय लावा.

खेळायला बुद्धिबळ

नूतन बुद्धिबळ मंडळ आणि बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात पोरांनी दुसरा कुठला गेम आधी शिकावा? लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये चालतं, पूर्ण फुकट आहे आणि त्यावर एकही जाहिरात नाही. लहान मुलांसाठी सेटिंग्जमधला 'किड मोड' चालू करा, म्हणजे अनोळखी माणसांशी गप्पा बंद होतात.

डाव संपल्यावर लगेच कॉम्प्युटरला विचारू नका. आधी डाव कुठे फिरला असं वाटतं ते वहीत लिहा, मग 'कॉम्प्युटर ॲनालिसिस' मागवा आणि 'लर्न फ्रॉम युवर मिस्टेक्स' वर जा. तिथे चुकलेली खेळी पुन्हा समोर येते आणि बरोबर खेळी तुम्हालाच शोधावी लागते. नेट नसेल तर 'लुकास चेस' उतरवून ठेवा, त्यात अगदी कच्च्या प्रतिस्पर्ध्यापासून सुरुवात करता येते.

पावसाळ्याआधी बॅकअप

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फुटांची असताना. तळमजल्यावरच्या दुकानांत कागद आणि कॉम्प्युटर एकाच पाण्यात भिजले. म्हणून दोन प्रती ठेवा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क पूररेषेबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांकडे. दुसरी गूगल ड्राइव्हवर, तिथे 15 जीबी जागा फुकट मिळते आणि हिशोबाच्या फाइलींना ती भरपूर झाली. ड्राइव्हचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.

मे महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसून त्या दोन्ही प्रतींमधली हळदीची फाइल उघडून बघा. शेवटची पट्टी तिच्यात दिसली पाहिजे.