मॅकरेना सगळ्यांकडून करून घ्यायचा तर

लग्नातला संगीताचा कार्यक्रम असो, सोसायटीचं स्नेहसंमेलन असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची पार्टी, आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना एकदम नाचवायचं असेल तर हातवाऱ्यांच्या गाण्यांइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. त्यात पहिला मान मॅकरेनाचा. अट एकच: हात आधी शिकवायचे, गाणं नंतर लावायचं. गाणं सुरू झाल्यावर ‘माझ्याकडे बघा’ म्हणून काही उपयोग होत नाही, कारण तोवर अर्धे लोक खुर्चीकडे वळलेले असतात.

आधी गाणं नीट निवडा. स्पेनमधल्या सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावच्या लोस देल रिओ या जोडीनं, म्हणजे आंतोनिओ रोमेरो आणि राफाएल रुइस यांनी, ते 1993 मध्ये आणलं तेव्हा ते स्पॅनिश रुंबाच्या अंगाचं होतं. जगभर गाजलं ते मायामीच्या बेसाइड बॉइज या निर्मात्यांनी नव्यानं बांधलेलं रूप, म्हणजे रीमिक्स. त्यात बाईच्या आवाजातली इंग्रजी कडवी आली, खाली दणदणीत बीट आला, आणि 1996 मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. लोकांच्या अंगात बसलंय ते हेच. डीजेला नुसतं ‘मॅकरेना’ सांगितलंत तर मूळ स्पॅनिश गाणं किंवा दुसऱ्याच कुणी गायलेलं लागू शकतं. ‘बेसाइड बॉइज मिक्स’ असंच सांगा आणि आदल्या दिवशी फाइल वाजवून बघा.

या रीमिक्सची गती मिनिटाला साधारण 103 ठोके आहे. नाचाचं एक आवर्तन 16 ठोक्यांचं, म्हणजे नऊ सेकंदांहून थोडं जास्त. तबला ऐकणाऱ्यांना तीनताल आठवला की काम सोपं होतं: चार-चारचे चार भाग, आणि वळल्यावर पुन्हा समेवर उजवा हात पुढे.

1 ला उजवा हात सरळ पुढे, तळवा जमिनीकडे; 2 ला डावा. 3 ला उजवा तळवा आभाळाकडे, 4 ला डावा. 5 ला उजवा हात डाव्या खांद्यावर, 6 ला डावा उजव्या खांद्यावर. 7 ला उजवा हात डोक्यामागे, 8 ला डावा. 9 ला उजवा हात कमरेच्या डाव्या बाजूला, 10 ला डावा उजव्या बाजूला. 11 ला उजवा हात मागे उजव्या कुल्ल्यावर, 12 ला डावा डाव्या कुल्ल्यावर. 13, 14, 15 ला कंबर हलवायची आणि 16 ला छोटी उडी मारून काटकोनात वळायचं. चार आवर्तनांत, म्हणजे सुमारे 37 सेकंदांत, माणूस पुन्हा मूळ दिशेला येतो.

सगळे तालात आहेत का, हे ओळखायची खूण गाण्यातच आहे. ध्रुवपदात ‘हेऽ मॅकरेना’ येतं तेव्हा सगळ्यांच्या कमरा हलत असायला हव्यात. त्या वेळी हात अजून डोक्यामागे असतील तर मंडळी पाच-सहा ठोके मागे पडली आहेत. मधेच घाई करून गाठायला जाऊ नका. उरलेले हात सोडून सगळ्यांबरोबर उडी मारा आणि नवं आवर्तन धरा.

शिकवताना लोकांकडे पाठ करून उभं राहा. तोंड करून उभं राहिलं की तुमचा उजवा त्यांना डावा दिसतो आणि पहिल्याच हाताला गोंधळ होतो. पाठ करणं जमत नसेल तर स्वतः उलटे हात करा. संगीताशिवाय मोजत पहिले आठ हात दोनदा, मग पुढचे आठ दोनदा, मग पूर्ण 16 एकदा सावकाश आणि एकदा वेगात. तीन मिनिटं पुरतात. उडी कुठल्या बाजूला, हे तेव्हाच ठरवून टाका. डावीकडे ठरलं तर सगळे डावीकडे.

खरी फजिती पहिल्या उडीनंतर होते. समोरचा शिकवणारा आता बाजूला गेलेला असतो आणि पुढे कुणाची तरी पाठ असते. म्हणून नाच येणारी चार माणसं आधीच हेरून चार बाजूंना उभी करा. रांगा सरळ न ठेवता एकाआड एक उभ्या करा, म्हणजे पुढे गेलेला हात कुणाच्या पाठीत बसत नाही. नऊवारी किंवा उंच टाचा असतील तर उडीऐवजी पाय उचलून वळा. गुळगुळीत फरशीवर घसरण्याची जागा नेमकी तीच. हातातले ग्लास आधी ठेवायला लावा.

मोठ्या मैदानावर आणखी एक अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून 100 मीटरवर तो जवळजवळ अर्धा ठोका उशिरा पोचतो. मागचे लोक स्टेजकडे बघून नाचले तर कान आणि डोळे जुळत नाहीत. मागे वेगळा माणूस उभा करा, त्यानं स्वतःच्या कानावर नाचावं.

शाळेच्या कार्यक्रमात मात्र हे गाणं शब्द बघून लावा. गाण्यातल्या मॅकरेना नावाच्या मुलीचा प्रियकर सैन्यात शपथ घेत असताना ती त्याच्या दोन मित्रांबरोबर रमते, असा त्याचा मजकूर आहे, आणि रीमिक्समध्ये तो इंग्रजीतही आहे. लहान मुलांसाठी ब्रिटनच्या ब्लॅक लेस या बँडचं 1983 चं ‘सुपरमॅन’ बरं. ती इटालियन डीजे क्लाउदिओ चेकेत्तो यांच्या 1981 च्या गाण्याची इंग्रजी आवृत्ती. झोपा, हात हलवा, शिंका, पोहा अशा सूचना गाण्यातच येतात, त्यामुळे शिकवावं लागत नाही. त्याहून लहानांना ‘द ट्वीट्स’चा 1981 चा ‘बर्डी साँग’ द्या, म्हणजे स्विस अकॉर्डियनवादक वेर्नर थॉमस यांची चाल: चोच चारदा, पंख चारदा, शेपूट चारदा, टाळ्या चार.

कुठलंही गाणं पूर्ण वाजवायचा अट्टहास नको. तीन मिनिटांच्या सुमारास, एखाद्या ‘हेऽ मॅकरेना’वर आवाज हळूहळू उतरवा, आणि पुढचं गाणं आधीच तयार ठेवा.