तुर्की हमाममध्ये स्नान कसे करावे: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

इस्तंबूलला जाणारे अनेक मुंबईकर हमामसाठी परतीच्या दिवशी उरलेला एखादा तास राखून ठेवतात आणि तिथेच या स्नानाचा विचका होतो. हमामचे सारे तंत्र अंग सावकाश तापण्यावर आधारलेले आहे, म्हणून दीड-दोन तास मोकळे ठेवावेत, पोटभर जेवून जाऊ नये आणि त्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग टाळावे, कारण ताज्या त्वचेवर खरखरीत हातमोजा फिरला की ती सोलवटते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास, तसेच गरोदरपणी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

हमामचे शिष्टाचार त्याच्या बांधणीतून आले आहेत, त्यामुळे आधी बांधणी समजून घ्यावी. जमिनीखालून गरम हवा खेळवण्याची रोमन स्नानगृहांची युक्ती बायझंटाईन काळातून उस्मानी तुर्कांपर्यंत पोहोचली. बाजूच्या भट्टीचा जाळ फरशीखालच्या पोकळीतून आणि भिंतींतल्या धुराड्यांतून फिरतो, आणि मधला संगमरवरी ओटा, म्हणजे गोबेकताशी, एकसारखा तापलेला राहतो. मात्र इस्लामी शुचितेच्या कल्पनेत वाहत्या पाण्याला मान असल्याने रोमनांचा डुंबण्याचा हौद मागे पडला आणि भिंतीलगत नळाखालची छोटी संगमरवरी कुंडे, म्हणजे कुर्ना, आली. म्हणूनच कुर्नामध्ये पाय घालू नये, त्यात साबणाचे पाणी पडू देऊ नये. वाटीसारख्या धातूच्या भांड्याने, म्हणजे तासने, पाणी घेऊन अंगावर ओतावे. बादली आणि तांब्या घेऊन वाढलेल्या आपल्या लोकांना हे शिकवावे लागत नाही.

प्रवेश केल्यावर पहिल्या दालनात कपडे उतरवून सुती पेश्तेमाल, म्हणजे पंचासारखे वस्त्र, गुंडाळावे. पुरुषांनी ते शेवटपर्यंत सोडू नये. स्त्रिया बहुधा अंतर्वस्त्राचा खालचा भाग ठेवतात, तेव्हा एक जादा जोडी सोबत न्यावी. परंपरेने पुरुषांना तेल्लाक, म्हणजे पुरुष-सेवक, आणि स्त्रियांना नातिर, म्हणजे स्त्री-सेविका, स्नान घालते. पर्यटकांच्या काही ठिकाणी तसे नसते, म्हणून नोंदणी करतानाच स्पष्ट विचारून घ्यावे. त्यानंतर कोमट दालनातून उष्ण दालनात जावे आणि ओट्यावर पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ पडून राहावे. मुंबईच्या दमट हवेत आपल्याला घामाची इतकी सवय असते की अंग ओले होताच पुढचे सुरू करावे असे वाटते, पण त्वचा पुरती मऊ पडल्याशिवाय केसे हा खरखरीत हातमोजा मळ काढत नाही, नुसता ओरखडे काढतो. आधी साबणाशिवाय केसे, मग फेसाचे मर्दन आणि शेवटी स्वच्छ पाणी, हा क्रम आहे. चक्कर वाटल्यास लाज न बाळगता बाहेर यावे.

या वास्तूंकडे मान वर करूनही पाहावे. घुमटातल्या काचेच्या गोल झरोक्यांतून उतरणारा प्रकाश मला तरी तिथले सर्वांत मोठे वैभव वाटतो. उस्मानी वास्तुकार सिनानने सुलतान सुलेमानची बेगम हुर्रेम सुलतान हिच्यासाठी इस्तंबूलच्या आयासोफिया या प्रसिद्ध वास्तूजवळ 1556 मध्ये हमाम बांधला. सुलतान दुसरा सेलीम याची बेगम नूरबानू सुलतान हिने बांधवलेला चेम्बेरलीताश हमाम 1584 चा, तर जालोलू हमाम 1741 चा. अशा हमामांच्या उत्पन्नावर मशिदी आणि धर्मादाय संस्था चालत. स्त्रियांसाठी तर ती घराबाहेरची हक्काची जागा होती. लग्नाआधी नवरीचे स्नान, बाळंतिणीचे आणि बाळाचे चाळिसाव्या दिवसाचे स्नान तिथे गाण्या-खाण्यासह होई, आणि मुलांच्या आया सुना हेरत त्याही तिथेच.

स्नानानंतर लगेच रस्त्यावर न येता पहिल्या दालनात टॉवेल गुंडाळून चहा किंवा सरबत घेत बसावे, भरपूर पाणी प्यावे आणि निघताना स्नान घालणाऱ्याला बक्षिशी द्यावी.

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांच्या स्पामध्येही हमाम मिळतो. पैसे भरण्यापूर्वी तिथे तापलेला दगडी ओटा, पाण्याचे कुंड आणि केसे आहे का, हे विचारावे. नुसती वाफेची खोली दाखवली, तर त्याला स्टीम बाथ समजून त्याचेच दाम द्यावेत.