अलास्कात बोटीने ग्लेशियर बघायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक होते ती तिकीट काढतानाच. सिवर्ड या बंदराच्या गावाहून निघणारी साडेतीन-चार तासांची टूर स्वस्त पडते, बरोबर लहान मुलं असतात, म्हणून लोक तीच घेतात आणि मग म्हणतात ग्लेशियर काही नीट दिसलाच नाही. दिसणार कसा? ती बोट सिवर्डसमोरच्या खाडीत, म्हणजे रेझरेक्शन बेमध्येच फिरून परत येते. ऑटर, पफिन पक्षी, नशीब असेल तर व्हेलही दिसतो, पण थेट समुद्रात उतरलेली बर्फाची भिंत बघायची तर होलगेट नाहीतर आयालिक ग्लेशियरपर्यंत जायला हवं, आणि त्याला केनाई फिओर्ड्स नॅशनल पार्कची साधारण ६ तासांची टूरच लागते. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

पण ही बोट मध्ये उघड्या समुद्रातून जाते आणि चांगलीच हलते. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. आई-बाबांना बोट लागतच असेल तर सरळ व्हिटियर या दुसऱ्या बंदरातून जा, तिथल्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीचं पाणी बरंच शांत असतं.

व्हिटियरला जाताना मात्र गूगल मॅपच्या वेळेवर विसंबू नका. वाटेत ४ किमीचा बोगदा आहे, एकच लेन, त्यातूनच गाड्या आणि त्यातूनच ट्रेन, त्यामुळे एका वेळी एकाच दिशेने सोडतात. जायची पाळी चुकली की तासभर बसून राहा, बोट काही थांबत नाही.

जुलै असला तरी जीन्स आणि कॉटनचा टीशर्ट घालून डेकवर टिकाव लागत नाही, बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो. विंडचीटर, कानटोपी, हातमोजे घ्याच.

ग्लेशियरसमोर बोट थांबली की आवाजाकडे बघत बसू नका! आवाज उशिरा पोचतो, धडाम ऐकून मान वळवेपर्यंत तुकडा पाण्यात गेलेला असतो. त्यापेक्षा भिंतीवर कुठून बारीक चुरा गळतोय ते शोधा आणि तिथेच नजर ठेवा, बरेचदा मोठा तुकडा तिथूनच सुटतो.

आणि ढग आहेत म्हणून तिकीट कॅन्सल करू नका हो, ढगाळ दिवशी बर्फाचा निळा रंग उलट जास्त खुलतो. वारा जास्त असला तर बोटवालेच ट्रिप रद्द करतात, म्हणून बुकिंग शेवटच्या दिवसाचं न करता ट्रिपच्या सुरुवातीचंच करा, म्हणजे हाताशी एखादा दिवस उरतो.