कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये दोन याने कक्षेत कशी जोडावीत

सांगली-मिरज परिसरात कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट बांधून अवकाशात उडवण्याचा संगणकीय खेळ खेळणाऱ्यांमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी जसे आहेत, तशीच पन्नाशी ओलांडलेली काही हौशी मंडळीही आहेत. त्यांची चर्चा कुठूनही सुरू झाली, तरी शेवटी ती डॉकिंगवर, म्हणजे कक्षेत दोन याने जोडण्यावर, येऊन ठेपते. रॉकेट कक्षेत पोहोचवणे बहुतेकांना जमलेले असते आणि मुन या खेळातल्या चंद्रावर उतरून परत येणेही अनेकांनी साधलेले असते; मात्र आधी सोडलेल्या यानापर्यंत दुसरे यान नेऊन त्याला जोडायचे म्हटले, की भले भले हात टेकतात. विश्रामबागेतल्या अकरावीच्या एका मुलाने मध्यंतरी विचारले होते, "काका, टार्गेट समोरच दिसतंय की! मी त्याच्याकडंच तोंड करून इंजिन चालवलंय, मग ते बाजूला कुठं पळालंय?" नव्या खेळाडूंची निम्मी अडचण या एका प्रश्नात येते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करणे सोयीचे आहे.

त्याआधी आवृत्तीविषयी थोडेसे. मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीने हा खेळ २०११ साली प्रथम लोकांसमोर आणला. डॉकिंग आणि मॅन्यूव्हर नोड (इंजिन कुठे व किती चालवायचे, हे नकाशावर आधी आखण्याची खूण) या दोन्ही सोयी डिसेंबर २०१२ मधील ०.१८ या आवृत्तीत आल्या. जून २०२१ मधील १.१२ या आवृत्तीत डॉकिंग पोर्ट, म्हणजे याने जोडण्याचे तोंड, फिरवण्याची सोय आणि गजराचे घड्याळ यांची भर पडली. पुढील सर्व सूचना १.१२ गृहीत धरून दिल्या आहेत. खेळाचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीस आला आणि पुढे त्याचे काम थांबले. त्यामुळे नव्याने खेळ घेणाऱ्याने पहिलाच भाग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

समोरचे यान बाजूला का जाते

सांगली-मिरज रस्त्यावर पुढची गाडी गाठायची असेल तर आपण वेग वाढवतो आणि ती गाठतो. कक्षेत मात्र हा हिशेब उलटा पडतो. पुढच्या दिशेने इंजिन चालवले, की यानाची कक्षा विरुद्ध बाजूला उंचावते, उंच कक्षेची फेरी अधिक वेळ घेते आणि जे यान गाठायचे ते आणखी पुढे निघून जाते. अमेरिकेच्या जेमिनी-४ मोहिमेत ३ जून १९६५ रोजी जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला, तोही सरळ त्याच्या दिशेने यान ढकलून. इंधन बरेच खर्ची पडले आणि टप्पा हाती लागला नाही. ज्या चुकीला प्रशिक्षित अंतराळवीर बळी पडला, ती चूक अकरावीच्या मुलाने केली तर त्यात नवल नाही. पुढे डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी-६ए हे यान जेमिनी-७ च्या अगदी जवळ नेण्यात आले आणि मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ ने कक्षेतील पहिली जोडणी केली. ही दोन्ही कामे कक्षेचे गणित आधी मांडूनच झाली.

खेळातील आकडे पाहिले की हे लगेच ध्यानात येते. कर्बिन या खेळातल्या पृथ्वीची त्रिज्या ६०० किलोमीटर असून वातावरण ७० किलोमीटरपर्यंत आहे. ८० किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे २,२७९ मीटर असतो आणि एक फेरी ३१ मिनिटे १५ सेकंदांत पुरी होते. १०० किलोमीटर उंचीवर वेग सुमारे २,२४६ मीटर आणि फेरीचा काळ ३२ मिनिटे ३८ सेकंद होतो. म्हणजे खालचे यान प्रत्येक फेरीत वरच्या यानाच्या तुलनेत सुमारे १५ अंश पुढे सरकते, आणि त्यासाठी थेंबभरही इंधन लागत नाही. पाठलाग करायचा तो या फरकाच्या जोरावर. लक्ष्य पुढे असेल तर त्याच्याखाली राहावे आणि मागे असेल तर त्याच्यावर, उदाहरणार्थ १२० किलोमीटरवर, जाऊन त्याला पुढे येऊ द्यावे.

उड्डाण आणि कक्षेची पातळी

लक्ष्य-यान १०० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत आणि विषुववृत्ताच्या पातळीत ठेवावे; पातळी म्हणजे इथे उंची नव्हे, तर कक्षा ज्या प्रतलात असते ते. खेळातील उड्डाणतळ विषुववृत्तालगतच असल्याने दुसरे रॉकेट ९० अंशांच्या रोखाने, म्हणजे थेट पूर्वेकडे, सोडले की दोन्ही कक्षांची पातळी जवळपास जुळते. शिवाय कर्बिनच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे १७५ मीटरचा वेग आयताच पदरात पडतो. उड्डाणानंतर वेग सेकंदाला ५० ते १०० मीटरच्या दरम्यान आला की रॉकेट पूर्वेकडे किंचित कलवावे, १० किलोमीटरच्या आसपास ते ४५ अंशांवर यावे आणि कक्षेचा सर्वोच्च बिंदू ८० किलोमीटरला पोहोचताच इंजिन बंद करावे. त्या बिंदूवर पुन्हा इंजिन चालवून कक्षा गोल करावी. या साऱ्याला सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद इतका डेल्टा-व्ही, म्हणजे इंजिनाने घडवायचा वेगातला एकूण बदल, लागतो.

पातळीबाबत हयगय करू नये. नकाशात लक्ष्यावर क्लिक करून ते टार्गेट म्हणून निवडले, की दोन कक्षांच्या पातळ्या एकमेकींना जिथे छेदतात ते दोन बिंदू दिसतात आणि त्यांच्यावर कोनातला फरक लिहिलेला असतो. हा फरक नुसता एक अंश असला, तरी तो घालवण्यास सुमारे ४० मीटर प्रतिसेकंद खर्च येतो, तर ८० वरून १०० किलोमीटरवर जाऊन तिथे स्थिरावण्याचा सगळा खर्च जेमतेम ३३ आहे. म्हणून उड्डाण करताना रोख सांभाळावा आणि कक्षेत पोहोचल्यावर, दुसरे काहीही करण्यापूर्वी, त्या बिंदूंपैकी एकावर नॉर्मल किंवा अँटिनॉर्मल, म्हणजे कक्षेच्या पातळीला काटकोनातल्या दोन विरुद्ध दिशांपैकी एका, दिशेने इंजिन चालवून हा फरक शून्यावर आणावा.

गाठ घालणे

आता ८० किलोमीटरच्या कक्षेवर कुठेही मॅन्यूव्हर नोड ठेवावा आणि त्याचे पुढच्या दिशेचे हँडल ओढत राहावे. सुमारे १६.५ मीटर प्रतिसेकंद झाले, की नव्या कक्षेचे टोक लक्ष्याच्या कक्षेला टेकते. त्या क्षणी नकाशावर खुणांची जोडी उमटते: तिथे पोहोचल्यावर आपण कुठे असू आणि लक्ष्य कुठे असेल, हे ती दाखवते. सुरुवातीला या दोन खुणांत शेकडो किलोमीटरचे अंतर दिसेल, त्यामुळे नाउमेद होऊ नये. नोड कक्षेवरून पुढे-मागे सरकवत नेला की अंतर कमी-जास्त होते. निघताना लक्ष्य आपल्यापुढे सुमारे ४ अंशांवर असावे लागते, आणि ती वेळ यायला काही फेऱ्या थांबावे लागले तर नोडवर उजवे क्लिक करून तो पुढच्या फेरीत ढकलता येतो. वाट पाहण्यात इंधन जात नाही, आणि काळाचा वेग वाढवून या फेऱ्या काही क्षणांत उरकतात. उतावीळपणे निघून पुढे दुरुस्त्या करत बसणारे खेळाडू नेमके इथेच इंधन गमावतात. खुणांतील अंतर दोन किलोमीटरच्या आत आले की निघावे.

वर पोहोचताना नेव्हबॉलकडे, म्हणजे पडद्यावरच्या दिशादर्शक गोलाकडे, लक्ष द्यावे. त्याच्या वरच्या बाजूला असलेल्या वेगाच्या चौकटीवर क्लिक केले की 'सरफेस', 'ऑर्बिट' आणि 'टार्गेट' असे तीन पर्याय आलटून-पालटून येतात. या टप्प्यावर 'टार्गेट' हवे, कारण आता आकडा कर्बिनच्या नव्हे तर लक्ष्याच्या तुलनेतला पाहायचा असतो. ज्यांचे डॉकिंग जमत नाही, त्यांच्यापैकी निम्म्या जणांचा नेव्हबॉल शेवटपर्यंत 'ऑर्बिट'वरच असतो. वरच्या टोकाला हा सापेक्ष वेग सुमारे १६ मीटर प्रतिसेकंद असेल. यान रेट्रोग्रेड, म्हणजे गतीच्या उलट दिशेच्या, खुणेकडे वळवून ठेवावे, अंतर सर्वांत कमी होत आले की इंजिन हळूहळू चालवावे आणि आकडा ०.१ च्या आसपास आणावा. इथे दोन्ही याने एकाच कक्षेत, एकाच वेगाने, शेजारी-शेजारी असतात, आणि अवघड काम खरे तर इथेच संपलेले असते.

उरलेल्या एक-दोन किलोमीटरांसाठी मात्र लक्ष्याकडे तोंड करून इंजिन चालवायला हरकत नाही. अर्ध्या तासाच्या फेरीपुढे काही मिनिटांचा प्रवास किरकोळ असतो आणि तेवढ्या वेळात कक्षेचा बाक फारसा जाणवत नाही. वेगाचा ठोकताळा असा ठेवावा, की मीटरमधील अंतराला शंभराने भागून जो आकडा येईल, त्यापेक्षा जास्त वेग नको: हजार मीटरवर १०, पाचशेवर ५, शंभरावर १. गतीची दिशा दाखवणारी पिवळसर हिरवी प्रोग्रेड खूण गुलाबी टार्गेट-खुणेवर बसलेली नसेल, तर यानाचे नाक गुलाबी खुणेच्या पलीकडच्या बाजूला थोडे नेऊन इंजिनाला हलका झटका द्यावा. खूण नाकाच्या दिशेने सरकते.

इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या स्पेडेक्स मोहिमेतील दोन उपग्रह एकदम जोडले गेले नाहीत. ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर आणि ३ मीटर असे थांबे घेत जवळ जाण्याची त्यांची आखणी होती. १२ जानेवारी २०२५ रोजी ते ३ मीटरपर्यंत जाऊन पुन्हा मागे घेण्यात आले आणि जोडणी १६ जानेवारीला झाली. खेळातही ५००, १०० आणि २० मीटरवर सापेक्ष वेग पूर्ण शून्य करून थांबावे. प्रत्येक थांब्यावर एफ-५ दाबून खेळ जतन करावा. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

प्रत्यक्ष जोडणी

शंभर मीटरच्या आत मुख्य इंजिन वापरू नये. आर कळ दाबून आरसीएस, म्हणजे यान हलके सरकवणारे छोटे झोत, सुरू करावे; आय, जे, के, एल या कळांनी यान वर, खाली, डावी-उजवीकडे सरकते आणि एच, एन यांनी पुढे-मागे. यान सरकवताना ते फिरू लागत असेल तर दोष खेळणाऱ्याच्या हाताचा नसून बांधणीचा असतो. आरसीएसचे नळे गुरुत्वमध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसवलेले असावेत, आणि हे बांधणीच्या इमारतीत गुरुत्वमध्याची खूण सुरू करून आधीच तपासता येते. डॉकिंग पोर्ट दोन्हीकडे एकाच मापाचे हवेत, ही गोष्ट सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आपल्या पोर्टवर उजवे क्लिक करून 'कंट्रोल फ्रॉम हिअर' निवडावे आणि समोरच्या पोर्टवर 'सेट अ‍ॅज टार्गेट'. मग चौकटी कंसाच्या कळेने दुसऱ्या यानात जाऊन तिथेही हेच उलट बाजूने करावे आणि दोन्ही यानांचे एसएएस (यान ठरलेल्या दिशेला स्थिर ठेवणारी यंत्रणा) टार्गेटवर ठेवावे, म्हणजे ती आपोआप एकमेकांकडे तोंड करून राहतात. करिअर प्रकारात ही सोय तिसऱ्या पातळीच्या वैमानिकाला किंवा प्रगत मानवरहित नियंत्रकालाच मिळते. ती नसेल तर एक यान नॉर्मल आणि दुसरे अँटिनॉर्मल दिशेला वळवून ठेवावे. या दिशा कक्षेत फिरताना बदलत नाहीत, त्यामुळे दोन्ही पोर्ट समांतर राहतात आणि फक्त बाजूला सरकून समोरासमोर येणे एवढेच काम उरते. मला स्वतःला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते.

शेवटच्या २० मीटरांत वेग ०.२ ते ०.३ असावा. पोर्ट अगदी जवळ आले की त्यांची चुंबके ओढ घेतात. त्या वेळी एसएएस बंद करावे, नाहीतर ते चुंबकाशी झगडत बसते. पोर्ट एकमेकांवर आपटून सुटले तर तिथेच पुढे रेटत राहू नये. थोडे मागे येऊन पुन्हा जावे, कारण ठरावीक अंतर मागे गेल्याशिवाय चुंबक पुन्हा काम करत नाही.

वादाचे दोन मुद्दे

मेकजेब या जोड-सॉफ्टवेअरने हे सारे आपोआप होते, मग ते वापरणे लबाडी ठरते का, यावर आमच्याकडे भडंगाची परात संपेपर्यंत वाद रंगतो. हाताने जोडणी जमत नाही तोवर ते वापरू नये आणि जमल्यावर खुशाल वापरावे, असे मी मानतो. अंतराळ स्थानकाला दहाव्यांदा इंधन पोहोचवताना तीच ती कसरत करण्यात काही शहाणपण नाही.

दुसरा मुद्दा संगणकाच्या ताकदीचा. दोन याने जवळ आली की दोन्हींच्या प्रत्येक भागाचे गणित प्रोसेसरला एकाच वेळी करावे लागते. डाव्या कोपऱ्यातील मोहिमेचे घड्याळ हिरव्याचे पिवळे किंवा लाल झाले, तर संगणक मागे पडत आहे आणि खेळातला सेकंद खऱ्या सेकंदापेक्षा लांबला आहे, असे समजावे. जुन्या लॅपटॉपवर स्थानक बांधायचे असेल तर शोभेचे भाग काढून टाकावेत आणि अनेक छोट्या टाक्यांऐवजी एकच मोठी टाकी लावावी. इंधन घेऊन येणाऱ्या यानाचे सुटे इंजिन, रिकामे टप्पे आणि आरसीएसचे जादा नळे जोडणीपूर्वीच वेगळे करावेत. मात्र ते स्थानकाच्या कक्षेत सोडू नयेत. कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू वातावरणात खोलवर असतानाच, म्हणजे कक्षा पूर्ण गोल होण्याआधी, सोडले तर ते वातावरणात शिरून नाहीसे होतात.